निळ्याला निळा

आमच्या ऑफिसातले मिस्त्री निळ्याला निळा जोडत नसत. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. ज्यांना फायबरचं काम कळतं ते हसतात, आणि ज्यांना देवक कळतं ते गंभीरपणे मान डोलावतात. दोन्ही कळणारा माणूस मला एकच भेटला, तो म्हणजे खुद्द मिस्त्री. मला पहिलं येत होतं, दुसरं येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याबरोबर काढलेली अडीच वर्षं मी बहुतेक गोंधळलेलीच होते. आजही तो गोंधळ पुरता निस्तरला आहे असं छातीठोक सांगवत नाही.

आधी फायबरचं सांगते. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. आमच्या केबलमध्ये अशा सहा तारा असत, आणि ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा पातळ थर असे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. एक केबल संपून दुसरी सुरू होते तिथे, किंवा इमारतीच्या जिन्याखाली, एक पेटी बसवतात आणि तारा त्या पेटीत एकमेकींना जोडतात. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. दहा वर्षांनी कुणीही येऊन पेटी उघडली तरी त्याला कुणाला काही विचारावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हे मी पॉलिटेक्निकला शिकले होते आणि त्यात वाद घालण्यासारखं काही असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आमचे मालक मूळचे केबलवाले. नव्वदच्या दशकात या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकून त्यांनी निम्म्या कोल्हापुराला टीव्ही दाखवला होता. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा त्यांनी इमारतीपर्यंत फायबर न्यायला सुरुवात केली. जिन्याखाली, लाईटच्या मीटरशेजारी फायबरची पेटी, आणि तिथून घरोघर साधी वायर. मला त्यांनी नकाशा करायला नेमलं होतं. कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते ते कागदावर उतरवायचं. सोपं काम म्हणून मी घेतलं.

पहिल्याच दिवशी राजारामपुरीतली एक पेटी उघडली आणि माझं डोकं फिरलं. निळा नारिंगीला जोडलेला, नारिंगी हिरव्याला, तपकिरी पांढऱ्याला. मला वाटलं, कुणीतरी पिऊन काम केलंय. मिस्त्री शिडीच्या पायाशी उभे होते. पन्नाशी कधीच ओलांडलेले, खाकी पँट, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. मी विचारलं, हे कुणी केलं. ते म्हणाले, मी. मी म्हटलं, मिस्त्री, हे चुकलंय, निळ्याला निळा पाहिजे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याच तोंडून काही वावगं गेलंय की काय असं मला वाटायला लागलं.

"भावाभणीचं लगीन लावू व्हय, मॅडम?"

मी हसले. ते हसले नाहीत.

मिस्त्री मुरगूडकडचे. त्या बाजूला सोयरीक जुळवणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. कागल तालुक्यातल्या कुठल्या घराची लेक कुठे दिलीय, कुणाचं देवक मोरपीस आणि कुणाचं कळंब, हे त्यांना तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी लोक मुलांचे फोटो घेऊन त्यांच्याकडे येत, आणि कधीकधी ऑफिसातही येत. मालक चिडत, पण बोलत नसत, कारण मालकांच्या धाकट्या भावाचं लग्न मिस्त्रींनीच जुळवलं होतं आणि ते बरं चाललं होतं. देवक म्हणजे लग्नात पुजायची घराण्याची खूण. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे मला मिस्त्रींनीच शिकवलं.

फायबर आलं तेव्हा मालकांनी त्यांना आठ दिवस पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. ते प्रमाणपत्र घेऊन आले आणि येताना असं मत घेऊन आले की बाकी सगळं बरोबर आहे, फक्त रंगाचं त्यांनी चुकीचं शिकवलंय. हात मात्र असा की जोड आरशासारखा स्वच्छ. मशीनमध्ये दोन तारांची टोकं समोरासमोर ठेवायची, बटण दाबलं की ठिणगी पडून काच काचेत वितळते, आणि जोडात किती उजेड वाया जातो तो आकडा पडद्यावर येतो. त्या आकड्याला मिस्त्री रुसवा म्हणत. त्यांच्या जोडात रुसवा जवळजवळ नसायचाच. आमच्या कंट्रोल रूमकडचं टोक म्हणजे माहेर, गिऱ्हाइकाकडचं टोक म्हणजे सासर. जोड बिघडला आणि तोडावा लागला की दिवसभर तोंड पाडून बसत.

बटण दाबण्याआधी ते विचारत, "हरकत न्हाय न्हवं कुणाची?" मग भोवतालच्या सगळ्यांनी नाही म्हणायचं. एकदा मंगळवार पेठेत एका गच्चीवर भर उन्हात मी वैतागून गप्प राहिले. मिस्त्री थांबले. बोट बटणावर, नजर माझ्यावर. मी हट्टाला पेटले, तेही पेटले. खाली वॉचमन, दुधवाला आणि एक शाळेतून येणाऱ्या बाई, सगळे वर बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, नाही हो बाबा, माझी काही हरकत नाही. बटण दाबलं. मग त्यांनी मला पिशवीतून शेंगदाणे काढून दिले, जणू मी वरमाय होते.

त्यांची वही आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऑफिसातला नकाशा म्हणून जी काही होती ती हीच. "राजारामपुरी सहावी गल्ली. निळ्याची लेक नारिंगीला दिली. तपकिरीचं पांढऱ्याशी जमलं. राखाडी आडमुठा, दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा बसलं." पानामागून पान असं. मी ही वही घेऊन मालकांकडे गेले होते. मालकांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, चालतंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे.

चालत होतं, हे मात्र खरं. काचेला रंगाशी देणंघेणं नसतं. पण मिस्त्री एकदा रजेवर असताना रस्त्याच्या खोदाईत दोन केबलींच्या जोडाची पेटीच फुटली आणि इचलकरंजीहून दुसरा जोडारी बोलवावा लागला. त्याने बिचाऱ्याने शिकल्याप्रमाणे सरळ रंगाला रंग जोडला. दुपारपासून एका गल्लीत टीव्हीच्या तारेतून इंटरनेट जायला लागलं आणि इंटरनेटच्या तारेतून टीव्ही. दोन्हीही कुणाला दिसेना. त्यात त्या दिवशी क्रिकेटचा सामना. फोन मी घेत होते. कोल्हापुरात शिव्यांना तोटा नाही हे माहीत होतं, त्यातल्या बऱ्याच नवीन मात्र त्या दिवशी कळल्या.

मिस्त्री परत आल्यावर मी भांडलेच. तार जोडण्याआधी रंगाचा थर सोलून काढतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोलल्यावर आत दोन्ही सारख्याच बिनरंगी काचा. मग ही कसली जात आणि कसलं देवक घेऊन बसलात? असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सोलल्यावर समदीच सारखी असत्यात की, मॅडम. सोलायच्या आदी इचारायचं असतंय."



मग त्यांनी मला विचारलं, तुमचं देवक काय? मी म्हटलं, आमच्यात देवक नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून देवक, मुहूर्त, कुंडली सगळं आमच्या शिरोळच्या घरातून गेलं. त्रिशरण म्हणतात, पंचशील म्हणतात, हार घालतात, झालं लग्न. आणि निळा रंग म्हणाल तर तो आमचाच. मिस्त्री विचारात पडले. तुच्छतेने नाही, ते मी ओळखते, मला त्याची सवय आहे. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखे विचारात पडले. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, मग चुकत कसं न्हाय तुमच्यात? मी म्हटलं, चुकतं की, तुमच्यात चुकत नाही का? ते गच्चीवर निघून गेले.

का गेले ते मला शिपायाने सांगितलं. मिस्त्रींना एकच मुलगी. तिने चार वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगा जातीतला, कमावता, निर्व्यसनी. पण देवक एक. तालुक्याच्या सोयरिकी जुळवणाऱ्या माणसाच्या घरात एकाच देवकाचं लग्न लागलं. मिस्त्री गेले नाहीत, आणि तेव्हापासून तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ती कोल्हापुरातच राहते एवढं लोकांना ठाऊक होतं, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला अर्थातच वाटलं, लेकीचा राग ते काचेवर काढतायत. पण मी जुनी वही काढून पाहिली. पहिल्या पानापासून, म्हणजे लेकीच्या लग्नाच्याही आधीपासून, निळ्याला निळा कुठेच नव्हता. मग राग आधीचा की रीत आधीची? जी रीत बापाने काचेतसुद्धा पाळली तीच लेकीने मोडली, की काचेत पाळायची इतकी हौस पाहूनच लेक वैतागली? मला हे तेव्हाही सुटलं नाही.

मग एके दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपलं जाळं एक मोठी कंपनी घेते आहे. माणसंही घेईल, पण तिला सगळ्या जोडांचा नकाशा हवा. कंपनीचे साहेब पंधरा दिवसांनी येऊन एक पेटी उघडणार, नकाशाशी जुळली तर आहे ते जाळं आणि आहेत ती माणसं ठेवणार. जुळली नाही तर सगळं फेकून आपली केबल, आपल्या पेट्या आणि आपले जोडारी. मालकांनी हे सांगताना मिस्त्रींकडे पाहिलं नाही, बाकी सगळ्यांनी पाहिलं. आम्हा तरुणांना दुसरीकडे काम मिळालं असतं. रंगाला रंग न जोडणाऱ्या आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या माणसाला कुणी दारात उभं केलं नसतं.

पंधरा दिवसांत प्रत्येक पेटी उघडून पाहणं शक्य नव्हतं. वहीवरूनच नकाशा करायचा होता, आणि वही वाचायची तर रीत शिकायची होती. मी शिकले. एकाच रंगात द्यायचं नाही. ज्या रंगातून आलं त्याच रंगात लेक परत द्यायची नाही, कारण "येल माघारी जात न्हाई". एका घराशी दुहेरी सोयरीक करायची नाही. मिस्त्री चहा पीत पीत सांगत आणि मी लिहून घेई. जी गोष्ट माझ्या आजोबांनी घराबाहेर काढली ती मी पगारासाठी पाठ करत होते, आणि मला माझाच राग येत होता. पण एकदा किल्ली सापडल्यावर वही घडाघडा वाचता यायला लागली. त्या माणसाच्या डोक्यात जे होतं ते वेडगळ असेल, पण विस्कळीत नव्हतं. याचा मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याचाही राग आला.

वहीत काही पानं अर्धवट होती, तिथे मी त्यांनाच विचारत असे. फुलेवाडीच्या एका चार मजली इमारतीच्या पानावर नुसता पत्ता होता, पुढे काहीच नाही. मी म्हटलं, इथलं काय? मिस्त्री चष्मा पुसत होते. म्हणाले, रीतीपरमाणंच. शेजारच्या इमारतींसारखंच मी रीतीप्रमाणे लिहिलं. निळा नारिंगीला.

साहेब पुण्याचे, वयाने माझ्याएवढेच, नम्र. मिस्त्रींनी त्यांना "पावणं" म्हटलं तेव्हा त्यांना आधी आपल्याला कुणी नावं ठेवली की काय असं वाटलं. त्यांनी नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं. ते फुलेवाडीवर पडलं.

ही परीक्षा अगदी सोपी असते. कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस निळ्या तारेत लाल उजेड सोडतो. इकडे पेटीत ज्या तारेच्या तोंडाला तो लाल ठिपका दिसेल ती त्या निळ्याची जोडीदार. माझ्या नकाशाप्रमाणे तो नारिंगीत दिसायला हवा होता. साहेबांनी इमारतीचं इंटरनेट बंद केलं, तारा सोडवल्या, फोनवरून उजेड सोडायला सांगितलं. आम्ही तिघं जिन्याखाली वाकून उभे होतो.

नारिंगी अंधारी होती. ठिपका निळ्यात होता.

साहेबांनी झाकण पूर्ण काढलं. सहाच्या सहा जोड सरळ. निळ्याला निळा, हिरव्याला हिरवा, पांढऱ्याला पांढरा. आख्ख्या कोल्हापुरात पुस्तकाप्रमाणे बरोबर असलेली ही एकमेव पेटी, आणि तीच नेमकी आमचा नकाशा खोटा पाडत होती. साहेब म्हणाले, जोड उत्तम आहेत, पण मॅडम, एक जर चुकीचं असेल तर बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवू? त्यांचं बरोबर होतं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. एक वाक्य बोलले असते तर त्यांची नोकरी वाचण्याची शक्यता होती, आणि मला कळेना की ते का बोलत नाहीत. मी रागाने म्हटलं, मिस्त्री, रीतीप्रमाणे आहे म्हणाला होता ना तुम्ही?

साहेबांनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

"ही एकच पेटी तशी हाय, पावणं," मिस्त्री म्हणाले. "बाकी कुठलीबी उगडा. मॅडमनी लिवलंय त्येच निगंल. हितलं मी त्यांना खोटं सांगिटलं."

"का?"

"हितं वर माझी लेक ऱ्हाती. लेक आन जावई."

जावई हा शब्द त्यांच्या तोंडून ऑफिसातल्या कुणी चार वर्षांत ऐकला नव्हता. साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं असावं, नातेवाईक म्हणून काम जास्त नीट केलंय. पण माणूस सरळ होता. त्यांनी नकाशावर त्या इमारतीपुढे "सरळ" असं लिहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, आणखी दोन पेट्या बघू. त्या दोन्ही पुढे जुळल्या आणि मिस्त्री नोकरीत राहिले, हे आत्ताच सांगून टाकते.

मला मात्र सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. इंटरनेटच्या अर्जावर त्यांनी जावयाचं नाव वाचलं असणार. तोपर्यंतचं ठीक. पण सरळ का जोडलं? तुमचं लग्न मला मान्य आहे, असं त्या बापाने ज्या एका भाषेत त्याला बोलता येत होतं त्या भाषेत लिहून ठेवलं होतं? की तुम्ही जशी रीत सोडलीत तशी तुमच्या घराचीही मी सोडतो, असा तो शेवटचा राग होता? बरेच महिने गेल्यावर मी एकदा धीर करून विचारलं. मायेनं जोडलंत की रागानं? त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, ते मला दिसत होतं. म्हणाले, "त्या दिशी हरकत इचारायची इसरलो, येवढंच ध्यानात हाय."

पण हे नंतरचं. त्या सकाळी आम्ही जिन्याखालीच होतो, पेटी उघडी होती आणि इमारतीचं इंटरनेट बंद होतं. दुसऱ्या मजल्यावर दार वाजलं. चपला दोन-चार पायऱ्या उतरल्या आणि कठड्यावरून एका बाईचा आवाज आला. घरी बसून टायपिंगचं काम करते, अर्धं काम अडकलंय, असं ती सांगत होती. आम्ही जिन्याखाली असल्यामुळे तिला कुणी दिसत नव्हतं.

"आवो, नेट का गेलंय? कोण हाय खाली?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की तो मी पुन्हा कधी पाहिला नाही आणि पाहू नये. त्यांनी एकदा घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"मी हाय," ते म्हणाले.

मिस्त्रींनी हातातली कात्री माझ्या हातात दिली, खांद्यावरची पिशवी काढून मीटरच्या खिळ्याला अडकवली आणि जिना चढायला लागले. एकेक पायरी, कठडा धरून. पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत त्यांची पाठ दिसली, मग नुसते पाय, मग तेही दिसेनात. थोड्या वेळाने वरचं दार लागल्याचा आवाज आला. तिने त्यांना आत घेऊन लावलं की बाहेर ठेवून, हे खालून मला कळेना, म्हणून मी चार पायऱ्या चढून वर पाहिलं. मग लक्षात आलं की जिन्यावर कुणीच नाही.

साहेब नकाशा हातात धरून उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, या दुरुस्तीवर मिस्त्रींची सही लागेल ना?

मी म्हटलं, लागेल. पण ते लेकीकडे गेलेत. आज नाही मिळायची.